परागकण : मधमाशीचे अन्न आणि माणसाचा आहार



मधमाशी म्हटली की सर्वांना प्रथम आठवतो तो मध. परंतु मधाने मधमाशीला उडण्याचे व पोळे उबदार ठेवण्याचे बळ मिळत असले, तरी तिचे कुळ काही वाढत नाही. कुळ वाढते ते परागावर. फुलांवरून परतणाऱ्या कामकरी माशीच्या मागल्या पायांवर पिवळ्या, नारिंगी किंवा करड्या रंगाच्या दोन गोळ्या दिसतात. त्या या परागाच्या होत. याच गोळ्या वाळवून, बाटल्यांत भरून, 'संपूर्ण अन्न' म्हणून विकल्या जातात. हे अन्न माणसाला कितपत उपयोगी आहे आणि ते मिळविताना मधमाश्यांच्या वसाहतीला काय गमवावे लागते, या दोन प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे.

परागाचे पोळ्यातील कार्य कोणते, हे माणसाला फार उशिरा उमगले. पराग म्हणजे कच्चे मेण, असा समज युरोपात दीर्घकाळ रूढ होता. जिनेव्हाच्या फ्रान्स्वा ह्यूबर यांनी तो खोडून काढला. ह्यूबर दृष्टिहीन होते. त्यांचा सहायक बर्नेन्स पाहत असे आणि ह्यूबर प्रश्न विचारीत. त्यांनी काही माश्या कोंडून त्यांना केवळ मध व पाणी दिले, तरी त्यांनी मेण तयार केले. पराग न मिळालेल्या पोळ्यातील अळ्या मात्र जगल्या नाहीत. १७९२ आणि १८१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निरीक्षणांनी मेण गोड द्रव्यापासून होते आणि पराग हे पिलांच्या पोषणाचे अन्न आहे, ही गोष्ट निश्चित केली.

माशी पराग जसाच्या तसा साठवीत नाही. गोळी बांधतानाच ती त्यात मकरंद व आपली लाळ मिसळते. पोळ्यात हा पराग षट्कोनी घरांत ठासून भरला जातो व त्यावर मधाचा थर दिला जातो. तेथे सूक्ष्मजंतूंच्या क्रियेने तो काहीसा आंबतो आणि टिकाऊ होतो. यालाच मधमाश्यांची भाकरी असे नाव पडले आहे. दाई माश्या ती खातात आणि आपल्या ग्रंथींतून पाझरणारा पौष्टिक रस अळ्यांना व राणीला भरवितात.

आता माणसाकडे वळू. परागाचे घटक वनस्पतीनुसार बदलतात. मोहरीचा पराग व मक्याचा पराग सारखे नसतात. वाळविलेल्या परागात शेकडा १० पासून ४० पर्यंत प्रथिने आढळतात. सामान्यतः ती २० ते २५ असतात. आवश्यक ॲमिनो आम्ले, कर्बोदके, थोडे स्निग्ध पदार्थ, ब-वर्गातील अनेक जीवनसत्त्वे आणि पोटॅशियमसारखी खनिजेही त्यात असतात. तेव्हा पराग पौष्टिक आहे, यात शंका नाही.

तथापि, पौष्टिकतेचा हिशेब प्रमाणावरून करावा लागतो. दहा ग्रॅम पराग घेतला, तर त्यातून सुमारे दोन ग्रॅम प्रथिने मिळतील. तेवढीच प्रथिने दहा ग्रॅम तूरडाळीतही असतात. डाळ वाटीभर शिजवून खाता येते. पराग कोणी वाटीने खात नाही. शिवाय परागकणाचे बाह्य कवच अतिशय चिवट असते. हजारो वर्षे दलदलीच्या गाळात पडूनही ते नष्ट होत नाही, आणि म्हणूनच प्राचीन वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो. माणसाच्या पोटातही ते सहजी विरघळत नाही. त्यामुळे आतील सत्त्वाचा काही भाग न पचताच बाहेर पडतो. पराग दळून किंवा भिजवून घेतल्यास पचन काहीसे सुधारते.

परागामुळे अंगी विलक्षण ताकद येते, अशी समजूत १९७० नंतरच्या काळात खेळाडूंमध्ये पसरली होती. ब्रिटनमध्ये किशोरवयीन जलतरणपटूंवर परागाच्या अर्काचा प्रयोग करण्यात आला. त्याचा वृत्तांत १९८२ साली प्रसिद्ध झाला. अर्क घेणाऱ्यांची कामगिरी इतरांहून सरस ठरली नाही. त्यांचे सरावाचे दिवस आजारपणामुळे कमी बुडाले, एवढे मात्र आढळले. परंतु अशा लहान प्रयोगावरून मोठा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. पराग हे औषध आहे, असे मानून चालू उपचार सोडणे तर सर्वथा अनुचित होय.

धोक्याचाही विचार केला पाहिजे. ज्यांना परागाची किंवा मधमाशीच्या दंशाची ॲलर्जी आहे, त्यांना पराग खाल्ल्यावर खाज, सूज, श्वास कोंडणे असे त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. क्वचित जिवावरही बेतते. अशांनी, तसेच गरोदर स्त्रियांनी तो टाळावा आणि लहान मुलांना देऊ नये. ताज्या परागात ओलावा पुष्कळ असल्याने त्यावर बुरशी लवकर धरते. म्हणून तो मंद उष्णतेवर वाळवावा लागतो. पिकांवर फवारलेली कीटकनाशकेही त्यात उतरतात.

परागाचे सेवन माणसाला सर्वस्वी नवे मात्र नाही. पाणकणसाचा पिवळा पराग झटकून सिंधमध्ये मिठाई करीत. इराकच्या दक्षिणेकडील दलदलीच्या प्रदेशातही तशी मिठाई होते. आणि न्यूझीलंडचे माओरी लोक त्याच्या भाकऱ्या भाजीत. या पाणवनस्पतीचा पराग वाऱ्यावर उधळला जातो. तो गोळा करताना कोणाच्या तोंडचा घास जात नाही.

मधमाशीच्या परागाचे तसे नाही. पेटीच्या दाराशी सुमारे पाच मिलिमीटर व्यासाच्या छिद्रांची जाळी बसवितात. युरोपीय माशी तीतून आत शिरताना तिच्या पायांवरील गोळ्या निसटून खालच्या खणात पडतात. एका फेरीतील दोन गोळ्यांचे वजन सुमारे १५ मिलिग्रॅम धरले, तर एक किलो परागामागे ६६ हजारांहून अधिक फेऱ्या होतात. मोठ्या वसाहतीला वर्षाकाठी वीस किलो किंवा त्याहून अधिक पराग स्वतःसाठीच लागतो.

मोहरीच्या शेतात फुलोरा भरात असता जाळी दिवसातून काही तासच लावली, तर वसाहत ही तूट सोसू शकते. परंतु सह्याद्रीच्या पट्ट्यात पावसाळ्यात फुले दुर्मिळ होतात. त्या दिवसांत जाळी लावणे म्हणजे अळ्यांची उपासमार करणे होय. आपली देशी सातेरी माशी तर उपासमार होऊ लागताच पेटी सोडून निघून जाते.

यावरून निष्कर्ष निघतो तो असा : ज्याला पराग मानवतो, त्याने तो आवडीने थोडा खावा, मात्र डाळ, दूध, भाजी यांच्या जागी नव्हे. आणि पालकाने तो सुगीच्या दिवसांत, मोजूनच काढावा. मोहरी, सूर्यफूल, भोपळा, काकडी यांच्या फुलांवर माशी परागाची जी देवघेव करते, तिच्यामुळे आपल्या ताटात पडणारे अन्न बाटलीतील परागापेक्षा कितीतरी अधिक असते. ते मिळत राहावयाचे, तर वसाहती धष्टपुष्ट असाव्या लागतात, आणि त्यांना परागाचा पहिला वाटा द्यावा लागतो.