दारावरचें अक्षर

न्यूयॉर्क शहरांतील बहुतेक प्रत्येक उपाहारगृहाच्या दाराशीं एक छापील पत्रक लावलेलें असतें व त्यावर एकच ठसठशीत अक्षर असतें : निळा ‘ए’, हिरवा ‘बी’ किंवा नारिंगी ‘सी’. तें कोठें लावावें हेंहि मालकाच्या मर्जीवर सोडलेलें नाहीं. प्रवेशद्वारापासून ५ फुटांच्या आंत, जमिनीपासून ४ ते ६ फूट उंचीवर, म्हणजे येणाऱ्याची नजर सहज जाईल अशाच जागीं तें असलें पाहिजे. शहराच्या आरोग्यखात्यानें ही पद्धति जुलै २०१० मध्यें सुरू केली. मूळ कल्पना मात्र लॉस एंजेलिसची. तेथील एका दूरचित्रवाणी केंद्रानें नोव्हेंबर १९९७ मध्यें उपाहारगृहांच्या स्वयंपाकघरांतील प्रकार छुप्या कॅमेऱ्यानें टिपून लोकांना दाखविले, आणि त्यावरून एवढा गहजब उडाला कीं, जानेवारी १९९८ पासून तेथें दारोदार अक्षरें झळकूं लागलीं.

हें अक्षर ठरतें कसें, आणि भुकेल्या माणसानें त्यावर कितपत विसंबावें, हें पाहण्याजोगें आहे.

तपासनीस येतो तो पूर्वसूचना न देतां. स्वच्छता म्हणजे चकचकीत फरशी आणि पांढरेशुभ्र कपडे अशी सर्वसाधारण समजूत असते. तपासनिसाचें मुख्य हत्यार याहून निराळें, तें म्हणजे बारीक टोंकाचा उष्णतामापक. तो रश्शाच्या पातेल्यांत, कोंबडीच्या मांसांत, शीतकपाटांतील कापलेल्या फळांत तें टोंक खुपसतो आणि आंकडा लिहून घेतो. थंड ठेवावयाचा पदार्थ ४१ अंश फॅरनहाइटच्या वर जातां कामा नये. गरम ठेवावयाचा पदार्थ १४० अंशांच्या खालीं उतरतां कामा नये. या दोहोंमधील पट्ट्यांत रोगजंतूंचें फावतें.

साध्या भाताचेंच उदाहरण घ्यावें. ‘बॅसिलस सीरियस’ नांवाच्या जंतूचे बीजाणु उकळत्या पाण्यांतहि तग धरतात. भात शिजतो, इतर जंतु मरतात, बीजाणु मात्र मागें राहतात. तोच भात मोठ्या पातेल्यांत झांकून ओट्यावर ठेवला म्हणजे तो निवतां निवतां ते जागे होतात, वाढतात, आणि त्यांच्या कांहीं जाती असें विष निर्माण करतात कीं, भात पुन्हां कितीहि ऊन केला तरी तें नष्ट होत नाहीं. वास येत नाहीं, चव पालटत नाहीं. ज्या स्वयंपाक्याला आपल्या नाकाचा अभिमान असतो, त्याचीहि येथें फसगत होते. म्हणून नियम असा कीं, शिजविलेलें अन्न थंड करावयाचें असल्यास तें १४० अंशांवरून ७० अंशांवर २ तासांत आणि तेथून ४१ अंशांवर पुढील ४ तासांत आलेंच पाहिजे. खोल पातेल्यांत हें साधत नाहीं. मधला भाग तासन्‌तास कोमटच राहतो. पसरट तबकांत अन्न ओतावें लागतें, किंवा पातेलें बर्फांत ठेवून सारखें ढवळावें लागतें. गर्दीच्या वेळीं नेमकें हेंच काम मागें पडतें.

उष्णतेखालोखाल पाहावयाचे ते हात. हाताचें भय या शहराला शिकविलें तें मेरी मॅलन या आयरिश स्वयंपाकिणीनें. १९०६ सालीं लाँग आयलंडवरील ऑयस्टर बे येथें एका उन्हाळी बंगल्यांत विषमज्वर उद्भवला. जॉर्ज सोपर या आरोग्यशास्त्रज्ञ अभियंत्यानें माग काढीत काढीत अखेर स्वयंपाकिणीला गांठलें. ती स्वतः ठणठणीत होती. तिच्या शरीरांत मात्र जंतूंचें वास्तव्य होतें. १९०७ मध्यें तिला नॉर्थ ब्रदर बेटावर नेऊन ठेवण्यांत आलें, आणि १९१० मध्यें स्वयंपाकाचें काम न करण्याच्या अटीवर सोडण्यांत आलें. धुण्याचें काम तिला मिळालें, पण त्यांत मिळकत फार थोडी. १९१५ मध्यें स्लोन प्रसूति रुग्णालयांत २५ जणांना विषमज्वर झाला व दोघे दगावले. तेथील मुदपाकखान्यांत निराळें नांव धारण करून मेरीच राबत होती. त्यानंतर १९३८ मध्यें मृत्यु येईपर्यंत ती त्या बेटावरच राहिली. तिला दोष देणें सोपें आहे. पण हातांतली एकुलती विद्या काढून घेतल्यावर माणसानें जगावें कसें, या प्रश्नाला तेव्हांच्या अधिकाऱ्यांनीं पुरेसें उत्तर दिलें होतें असें म्हणवत नाहीं.

आज तेथें, जो पदार्थ पुन्हां शिजवावयाचा नाहीं त्याला उघड्या हाताचा स्पर्श होऊं द्यावयाचा नाहीं असा दंडक आहे. हातमोजे, चिमटा किंवा कागद वापरावा लागतो. तव्यावरून उतरलेली पोळी नुसत्या हातानें ताटांत ठेवणें हाहि दोषच. जॅक्सन हाइट्समधील भारतीय भोजनगृहांना त्यांतून सवलत नाहीं.

मग येते बेरीज. प्रत्येक दोषाला गुण दिले जातात. वस्तुतः ते अवगुणच. किरकोळ दोषाला निदान २, गंभीर दोषाला निदान ५, आणि प्रत्यक्ष आरोग्यास घातक ठरणाऱ्या दोषाला निदान ७. एकूण १३ पर्यंत ‘ए’, १४ ते २७ पर्यंत ‘बी’, २८ पासून पुढें ‘सी’. कोमट रश्शाचें एक पातेलें आढळलें कीं निम्म्याहून अधिक मर्यादा संपली. तितकाच घातक असा निराळा एखादा दोष आढळला कीं ‘ए’ गेला. पहिल्याच भेटींत १४ किंवा अधिक गुण पडले तर मात्र अक्षर दिलें जात नाहीं. तपासनीस पुन्हां अवचित येतो व त्या दुसऱ्या भेटींत अक्षर ठरतें. तेंहि मान्य नसल्यास मालकाला न्यायाधिकरणापुढें दाद मागतां येते, आणि निकाल लागेपर्यंत दारावर ‘निर्णय प्रलंबित’ अशा अर्थाचें पत्रक लावतां येतें. मालकाच्या दृष्टीनें हें न्याय्य आहे. तोंवर दारांतून आंत जाणाऱ्याला मात्र पत्रकावरून कांहींच उमगत नाहीं.

या पद्धतीचा उपयोग किती, याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. लॉस एंजेलिसमध्यें अक्षरें आल्यावर अन्नजन्य आजारांनीं रुग्णालयांत येणाऱ्यांची संख्या घटली, असें २००३ मधील एका अभ्यासांत म्हटलें होतें. २०१९ मध्यें डॅनियल हो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तोच काळ पुन्हां तपासला, तेव्हां त्या निष्कर्षाला आधार सांपडला नाहीं. हो यांनींच २०१२ मध्यें न्यूयॉर्कविषयीं दाखवून दिलें होतें कीं, एका तपासणींतील गुणांवरून पुढल्या तपासणींतील गुणांचा अंदाज जवळजवळ बांधतांच येत नाहीं. यांत नवल तें काय? स्वयंपाकघर रोज निराळें असतें. आचारी बदलतो, शीतकपाट बिघडतें.

ज्यांचीं मुलेंबाळें त्या शहरांत राहतात, त्यांनीं त्यांना एवढें अवश्य कळवावें कीं, आरोग्यखातें प्रत्येक तपासणीचा तपशील दोषवार इंटरनेटवर प्रसिद्ध करतें व तो कोणालाहि पाहतां येतो. समजा, एका ठिकाणीं सहा किरकोळ दोषांचे मिळून १२ गुण आहेत, भिंतीचा टवका उडाला आहे, एखादें भांडें जागच्या जागीं नाहीं. आणि शेजारच्या ठिकाणीं दोष एकच, गुण अवघे ७, पण तो कोमट भाताचा आहे. दोन्हीं दारांवर निळा ‘ए’च असतो.