चाकांवरील घर आणि गावचे पाणी

(मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या गावांतील ग्रामस्थ, शासकीय अधिकारी व शिक्षक यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दिवाळी सरली आणि थंडी पडू लागली की आपल्या गावांवरून जाणाऱ्या या रस्त्यावर अलीकडे एक नव्या तऱ्हेचे वाहन क्वचित् दृष्टीस पडते. बाहेरून ते लहान बसगाडीसारखे दिसते. पण आत झोपण्याची सोय असते, स्वयंपाकाचा ओटा असतो, पाण्याची टाकी असते आणि शौचकूपही असतो. त्यास कॅराव्हॅन म्हणतात. मी त्यास चाकांवरील घर म्हणतो. गेल्या हिवाळ्यात असे एक वाहन भाड्याने घेऊन मी व माझी पत्नी धार आणि देवास या दोन जिल्ह्यांत पाच आठवडे हिंडलो. त्या प्रवासाचे वर्णन करावे अशी आयोजकांची सूचना आहे. वर्णन मी करीनच. परंतु त्या प्रवासात मला जो एक धडा मिळाला तो आपणांपुढे ठेवावा, हा माझा मुख्य हेतू आहे. तो धडा असा की, प्रवाशाने आपले घर बरोबर आणले तरी त्याच्या मुक्कामाचा भार अखेर कोणत्या ना कोणत्या गावावर पडतोच. हा भार किती पडावा व त्याची भरपाई कशी व्हावी, हे आधी ठरविले पाहिजे.

हिवाळ्यात माळव्याकडे जाणे ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नव्हे. पावसाळ्यात तेथील काळ्या जमिनीत गाडीचे चाक रुतते; म्हणून दसऱ्याचे सीमोल्लंघन झाल्यावर मराठ्यांच्या फौजा नर्मदा उतरून जात. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पवार घराण्यातील मंडळी अशीच माळव्यात गेली व तेथे स्थिरावली. एका शाखेने धार येथे गादी स्थापिली. देवास येथे तुकोजीराव व जिवाजीराव या दोघा बंधूंची थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात १९४८ पर्यंत नांदली. राघोबादादांच्या धामधुमीच्या काळात आनंदीबाईंना आश्रय मिळाला तो धारच्या किल्ल्यात, आणि दुसऱ्या बाजीरावांचा जन्म १७७५ साली तेथेच झाला. पुढे १९४८ मध्ये क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व कोरड्या हवेसाठी देवासला गेले आणि १९९२ मध्ये देहावसान होईपर्यंत तेथेच राहिले. दुसऱ्याच्या गावाने आसरा द्यावा आणि पाहुण्याने त्या गावाचे होऊन जावे, अशी ही उदाहरणे आहेत.

परंतु हिवाळी प्रवासाची दुसरी बाजूही इतिहासात आहे. इंग्रजी अमदानीत साहेबांचा हिवाळी दौरा निघे. तंबू, खाटा, भांडीकुंडी, दफ्तर असा सारा संसार बैलगाड्यांवर लादला जाई. तोही एक प्रकारे चाकांवरील घरच होता. मुक्काम पडे त्या गावास दूध, कोंबड्या, लाकूडफाटा, वैरण यांची रसद पुरवावी लागे. गाड्या ओढण्यास व ओझी वाहण्यास माणसे वेठीस धरली जात. दौऱ्यावरील अंमलदाराला प्रवास सुखाचा वाटे. गावाला मात्र तो गेल्यावर सुटल्यासारखे वाटे. राज्य बदलले, वेठ कायद्याने बंद झाली; पण मुक्काम करणारा आणि ज्याच्या दारी मुक्काम पडतो तो, यांच्यातील हिशेब संपलेला नाही.

आता प्रत्यक्ष प्रवासाकडे वळू. धुळे, शिरपूर, सेंधवा या मार्गाने आम्ही खलघाटास नर्मदा ओलांडली आणि धामनोदनंतर माळव्याचे पठार चढलो. येथे एक सूचना करणे अगत्याचे आहे. पठारावरून निमाडात उतरताना उतार लांबलचक आहे. घरासारखे जड वाहन अशा उतारावर केवळ ब्रेकवर विसंबून आणू नये. ज्या गिअरमध्ये चढावे त्याच गिअरमध्ये उतरावे. ब्रेक तापून निकामी झाल्यामुळे या घाटात आजवर अनेकांनी प्राण गमावले आहेत. दुसरी सूचना थंडीची. माळव्यात रात्री कडाक्याची थंडी पडते, क्वचित् पिकांवर पालाही पडतो. अशा वेळी बंद गाडीत शेगडी पेटवून झोपण्याचा मोह होतो. तो जिवावर बेततो. कोळशाच्या धगीतून निघणाऱ्या विषारी वायूला ना रंग असतो ना वास, आणि झोपलेल्या माणसाला तो जागेही होऊ देत नाही. एक कांबळे जास्त घ्यावे, खिडकीची फट उघडी ठेवावी आणि पहाटेचे धुके विरल्याशिवाय गाडी हलवू नये.

धारपासून सुमारे ३५ किलोमीटरवर मांडू आहे. जहाजमहाल, होशंगशहाची कबर, रूपमतीचा मंडप ही स्थळे आपण ऐकून आहात. माझे लक्ष वेधले ते सागर तलावाजवळच्या एका साध्या इमारतीने. ती पंधराव्या शतकातील सराई आहे. मध्ये प्रशस्त चौक, भोवती प्रवाशांच्या खोल्या व माल ठेवण्याच्या कोठ्या. हिला आजही कारवाँ सराई म्हणतात. आपला कॅराव्हॅन हा शब्द याच फारसी ‘कारवाँ’पासून युरोपात गेला व इंग्रजीतून आपल्याकडे परतला. सहाशे वर्षांपूर्वी ज्यांनी काफिल्यांना बोलाविले, त्यांनी आधी त्यांच्या उतरण्याची जागा बांधली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आणि केवळ जागाच नव्हे. समुद्रसपाटीपासून ६०० मीटरहून उंच असलेल्या या गडावर राजधानी वसली ती पावसाच्या पाण्यावर. तलाव खोदले, छपरांवरचे पाणी पन्हळींनी हौदांत उतरविले, त्या वाटेत नागमोडी चर कोरले, जेणेकरून वाहते पाणी मंदावे आणि गाळ मागे राहावा. पाहुण्यासाठी सराई आणि सर्वांसाठी साठविलेले पाणी, या दोन्ही गोष्टी तेथे एकत्र दिसतात.

यापुढील हकीकत सांगताना मला संकोच वाटतो; तरीही ती सांगितली पाहिजे. देवास जिल्ह्यातील एका गावी सायंकाळी आमची टाकी रिकामी झाली. गावच्या हातपंपावर मी नळी लावण्याची खटपट करू लागलो. आमची टाकी १५० लिटरची. घागर घेऊन उभ्या असलेल्या एका वृद्ध बाईंनी विचारले, “भैया, गाडीत माणसे किती?” मी म्हणालो, “दोघे.” त्या म्हणाल्या, “मग हे पाणी किती दिवसांचे?” मी सांगितले, “उद्या संध्याकाळपर्यंतचे.” त्या काही बोलल्या नाहीत. घागर खाली ठेवून माझे भरून होण्याची वाट पाहत राहिल्या. त्यांच्यामागे आणखी सहा-सात घागरी होत्या. मी नळी गुंडाळली, एक बादली भरून घेतली आणि बाजूला झालो. त्या बादलीवर आम्ही दोघांनी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भागविले, आणि भागले!

या प्रसंगाचे मोल कळण्यासाठी देवासचा पाण्याचा इतिहास माहीत हवा. माळव्याची ख्याती अशी की तेथे पावलोपावली पाणी लागे. त्याच माळव्यातील देवास शहराला १९९० च्या सुमारास रेल्वेने पाणी आणावे लागले. विंधन विहिरी खोल खोल जात राहिल्या आणि भूगर्भ रिता होत गेला. २००६ मध्ये तत्कालीन जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांना एक हिशेब मांडून दाखविला : विंधन विहिरींवर पैसा जिरविण्यापेक्षा आपल्या जमिनीचा लहानसा हिस्सा तळ्याला द्या व पावसाचे पाणी अडवा. भगीरथ कृषक अभियान या नावाने हे काम उभे राहिले. शेतकऱ्यांनी स्वतःचा पैसा घातला, कर्जे काढली, आणि टोंकखुर्दसारख्या भागात शेततळी झाली. काही वर्षांत जिल्ह्यात त्यांची संख्या हजारोंवर गेली. रब्बीचा गहू व हरभरा पुन्हा डोलू लागला. हिवाळ्यात त्या तळ्यांवर उतरलेले पक्षी आम्ही पाहिले. तेव्हा मला जाणवले की प्रवासी ज्यास निसर्गशोभा म्हणतो, ती पुष्कळदा कोणाच्या तरी कष्टाची पुंजी असते. नळी लावून ती उपसण्याचा अधिकार पाहुण्याला नाही.

दुसरी एक गोष्ट मला त्याहून अस्वस्थ करून गेली. आम्ही धार जिल्ह्यात शिरत होतो, तेव्हा तेथील भिल्ल कुटुंबे मजुरीसाठी गुजरातकडे निघालेली दिसत होती. डोक्यावर बोचके, कडेवर मूल. आपल्या महाराष्ट्रात याच सुमारास ऊसतोडणी कामगार बैलगाडीत व ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार घालून साखर कारखान्यांकडे जातात. गाडिया लोहार पिढ्यान्पिढ्या गाडीतच राहिले. १९५५ साली पंडित नेहरूंनी त्यांना सन्मानाने चितोडगडावर परत नेले, तरी अनेकांचे जीवन गाडीभोवतीच राहिले. हीही सारी चाकांवरील घरेच आहेत, आणि यांचा हिवाळी प्रवास हौसेचा नाही. आमची गाडी उभी राहिली की मुले गोळा होत, कोणी चहा आणी. त्यांची गाडी उभी राहिली की अनेक ठिकाणी प्रथम संशय उभा राहतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटकेपणावरच गुन्ह्याचा शिक्का मारला होता. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण शिक्का मनातून पुसला गेला, असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली ग्रामस्थांना. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. त्याआधी २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरणही आले. अशा गाड्या यापुढे वाढतील. त्यांना हाकलू नका आणि फुकट जागाही देऊ नका. ग्रामसभेत बसून मुक्कामाची जागा ठरवा, पाण्याचे माप व दर ठरवा, आणि टंचाईच्या महिन्यांत पाणी मिळणार नाही हे फलकावर स्पष्ट लिहा. गावचे दूध, भाजी, भाकरी योग्य भावाने विका. रसद आणि विक्री यांतील फरक हाच गुलामी व स्वातंत्र्य यांतील फरक आहे.

दुसरी अधिकाऱ्यांना. गाडीतील मैल्याची टाकी कोठे रिकामी करावी, हा प्रश्न लाजेपोटी कोणी विचारीत नाही आणि म्हणून ती नाल्यात रिकामी होते. विहिरी व नाले यांपासून दूर, पक्क्या बांधलेल्या टाकीची व्यवस्था झाल्याखेरीज मुक्कामाच्या जागेस मान्यता देऊ नये. तसेच जी जागा, जे पाणी व जे शौचालय हौशी प्रवाशासाठी उभे राहील, ते ऊसतोडणी कामगारांच्या गाडीसाठीही खुले असावे. ज्याच्या गाडीला पडदे आहेत त्यालाच शौचालय, असा नियम होता कामा नये.

तिसरी शिक्षकांना. शिक्षणाच्या हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आहे. गावाच्या शिवारात झोपड्या पडल्या की त्यांतील मुलांची नावे घ्या, त्यांना वर्गात बसवा. आपल्या गावाची मुले मागे राहात असतील तर हंगामी वसतिगृहाची सोय त्यांच्या आईबापांना समजावून सांगा. आणि एखादी कॅराव्हॅन गावी आली, तर मुलांना ती जरूर दाखवा. पण त्यांना एक गणितही घाला. या गाडीच्या टाकीत १५० लिटर पाणी, माणसे दोन. आपल्या घरी माणसे आठ, घागरी किती? मुले उत्तर बरोबर काढतील. उत्तर काढल्यावर वर्गात जी शांतता पसरेल, ती माझ्या तासाभराच्या भाषणापेक्षा अधिक शिकवील.

देवासहून परत निघताना आम्ही त्या गावी पुन्हा थांबलो. त्या बाई भेटल्या. आमची टाकी आम्ही इंदूरला पैसे देऊन भरून घेतली होती. त्यांनी विचारले, “भैया, आज पाणी नको?” मी म्हटले, “नको, आज चहा आमच्याकडे.” त्या गाडीत आल्या, इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाल्या, “घर चांगले आहे. फक्त विहीर नाही.” या वाक्यात माझे सारे व्याख्यान आले आहे.