मित्रसंप्राप्ती : बालकक्षातील एका चित्रपुस्तकाच्या निमित्ताने

(संस्थेच्या वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेले भाषण)



जमाखर्चाचा तपशील या अहवालात अन्यत्र दिलेला आहे; तो आपण सवडीने पाहालच. आज आम्ही आपल्यापुढे एका चित्रपुस्तकाविषयी चार शब्द बोलणार आहोत. आमच्या बालकक्षातील कपाटात मुलांसाठी जी पुस्तके ठेवली आहेत, त्यांत सर्वांत अधिक हाताळले गेलेले पुस्तक पंचतंत्राचे आहे. जाळ्यासह उडणाऱ्या कबुतरांचे पान मुलांना विशेष प्रिय. सलाईन लावलेला हात स्थिर ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटाने मुले कबुतरे मोजतात. अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा चित्रावरून ती गोष्ट नातवाला सांगू शकते, कारण गोष्ट तिने लहानपणीच ऐकलेली असते.

या पुस्तकाचे आणि वैद्यकाचे नाते जुने आहे. सहाव्या शतकात इराणचा राजा खुश्रू अनुशिरवान याच्या पदरी बुर्झोय नावाचा वैद्य होता. मृतांना जिवंत करणारी वनस्पती हिंदुस्थानच्या पर्वतांवर मिळते असे ऐकून तो तिच्या शोधार्थ इकडे आला, अशी कथा फिरदौसीच्या ‘शाहनामा’त आहे. वनस्पती काही मिळाली नाही. ती वनस्पती म्हणजे ज्ञान आणि मृत म्हणजे अज्ञानी जन, असा उलगडा एका वृद्ध पंडिताने केला. औषधासाठी आलेला वैद्य ग्रंथ घेऊन परतला. त्याने केलेल्या पहलवी भाषांतरावरून आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा याने ‘कलीला व दिम्ना’ हा अरबी ग्रंथ सिद्ध केला. पुढे त्याच्या हस्तलिखितांत चित्रे काढण्याची परंपरा पडली. १३५४ सालची अशी एक सचित्र पोथी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात जतन केलेली आहे. आपल्याकडे मुद्रणकला नवी असतानाच, १८२२ साली, मुंबईत ‘पंचोपाख्यान’ या नावाने या कथा मराठीत छापल्या गेल्या.

पंचतंत्राच्या दुसऱ्या तंत्राचे नाव मित्रसंप्राप्ती. चित्रग्रीव हा कबुतरांचा राजा आपल्या परिवारासह पारध्याच्या जाळ्यात सापडतो. प्रत्येकाने स्वतंत्रपणे धडपड केली असती तर कोणीच सुटले नसते. सर्वांनी एकदम पंख मारले आणि जाळेच वर उचलले गेले. आपल्या वर्धा जिल्ह्याने हे चित्र प्रत्यक्षात पाहिले आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने परिसरातील गावांमध्ये ज्वारीच्या रूपाने वर्गणी स्वीकारून आरोग्यविम्याची योजना चालविली. सुगीच्या वेळी ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे धान्य द्यायचे आणि त्या आधारावर गावकऱ्यांना उपचार मिळायचे. एका घरच्या ज्वारीने रुग्णालय चालत नाही; गावाच्या ज्वारीने आधार उभा राहतो.

मात्र जाळे उचलले म्हणजे सुटका झाली असे नव्हे. उडाल्यावरही कबुतरे जाळ्यातच होती. जाळे तोडण्यासाठी हिरण्यक उंदराचे दात लागले. एकेक धागा, एकेक गाठ, न कंटाळता. डॉक्टर, परिचारिका आणि सफाई कर्मचारी यांचे काम या जातीचे आहे. समाज रुग्णालय उभारतो. रात्रीच्या पाळीतील परिचारिका एकेक धागा तोडीत असते. हिरण्यक प्रथम चित्रग्रीवाचे पाश तोडू लागतो, तेव्हा राजा त्यास थांबवितो : आधी माझ्या सोबत्यांचे पाश तोड, माझे शेवटी, मध्येच तुझे दात मोडले किंवा पारधी येऊन पोहोचला, तर ते अडकून राहता कामा नयेत. कोणत्याही विश्वस्त संस्थेने कार्यालयाच्या भिंतीवर लावावे असे हे चित्र आहे.

येथपर्यंतची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. पुढची थोडी कमी सांगितली जाते आणि आज आम्हांस तीच सांगावयाची आहे. हिरण्यक उंदीर, लघुपतनक कावळा, मंथरक कासव आणि चित्रांग हरिण अशी चौघांची मैत्री जमते. एके दिवशी हरिण पाशात सापडते. उंदीर पाश तोडीत असतानाच कासव हळूहळू चालत तेथे येऊन पोहोचते. पाण्यात ते सुरक्षित होते. मित्राची काळजी वाटली म्हणून जमिनीवर आले. पारधी येताच हरिण पळाले, कावळा उडाला, उंदीर बिळात शिरला. कासव मात्र पकडले गेले.

सभ्य स्त्री-पुरुषहो, हे कासव आम्ही रोज पाहतो. ते रुग्णाच्या खाटेशेजारी जमिनीवर सतरंजी टाकून निजलेले असते. कापूस वेचणीच्या किंवा सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत आपली रोजी बुडवून जी आई, जो भाऊ, जो शेजारी येथे येतो, तो आपले पाणी सोडून आलेला असतो. धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने ठेवावयाच्या असतात, तसेच बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. ही तरतूद मोलाची आहे. परंतु ती रुग्णासाठी आहे. सोबत्याचे जेवण, येण्याजाण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी यांचा आकडा कोणत्याच बिलावर येत नाही. आम्ही वाणिज्य शाखेची माणसे आहोत. जो खर्च वहीत नोंदला जात नाही, तो कोणीतरी मुकाट्याने सोसत असतो, एवढे आम्हांस कळते.

म्हणून आमची दोन निवेदने आहेत. पहिले देणगीदारांस : आपल्या देणगीचा काही अंश ‘रुग्ण-सोबती’ या स्वतंत्र शीर्षाखाली द्यावा. त्यातून निजण्यास कोरडी जागा, दोन वेळचे जेवण आणि गावी परतण्याचे भाडे एवढेच साधावयाचे आहे. दुसरे रुग्णांच्या कुटुंबीयांस आणि शेजाऱ्यांस. त्यास पैसा लागत नाही. गावातील कोणी भरती झाल्यास सोबतीची पाळी लावून घ्यावी. आज एकाने बसावे, उद्या दुसऱ्याने; तिसऱ्याने त्यांच्या गुराढोरांकडे आणि घरच्या मुलांकडे पाहावे. कासवाला सोडविताना मित्रांनी हेच केले. हरिण तळ्याकाठी मेल्यासारखे पडून राहिले, कावळा त्यास टोचीत असल्याचे सोंग करीत राहिला, लोभाने पारध्याने कासव खाली ठेवले आणि उंदराने त्याची दोरी कुरतडली. प्रत्येकाने आपणांस जमेल तेवढेच केले.

गोष्टीच्या शेवटी चौघेही सुखरूप एकत्र येतात. हरिण सुटले आणि कासव गेले, असा शेवट असता तर कोणत्याही मुलाने ते पुस्तक पुन्हा मागितले नसते. रुग्ण बरा होऊन घरी गेला आणि त्याचा सोबती कर्जात अडकला, तर आमचेही काम पुरे झाले असे आम्हांस म्हणता येणार नाही. ते पुरे करण्यास आपण सर्वांनी हातभार लावावा, ही नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.