दूरशिक्षणातून शरीरशास्त्र : म्हैसूरचा एक प्रयोग
(हीरक महोत्सवी वर्षानिमित्त दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



शिक्षणाच्या भवितव्याची चर्चा सुरू झाली की दूरशिक्षणाचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. भाषा, इतिहास, वाणिज्य हे विषय घरी राहून शिकता येतात, याविषयी आता फारशी शंका उरलेली नाही. शरीररचनाशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. हाडाची ठेवण, स्नायूचा ताण, नाडीचा ठोका या गोष्टी टपालाने आलेल्या पुस्तकातून किंवा पडद्यावरील चित्रातून कितपत उमगणार, हा प्रश्न रास्त आहे. या प्रश्नाचे एक विचारपूर्वक उत्तर म्हैसूरमध्ये शोधले गेले. त्या उत्तराचा परिचय करून देणे हा आजच्या विवेचनाचा हेतू आहे.

म्हैसूरला दूरशिक्षण नवे नाही. १९१६ साली स्थापन झालेल्या म्हैसूर विद्यापीठाने १९६९ मध्ये पत्रद्वारा शिक्षणाची संस्था सुरू केली आणि त्याच परंपरेतून १९९६ मध्ये कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ उभे राहिले. याच नगरीत १९६५ साली अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था स्थापन झाली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील ही संस्था ऐकणे आणि बोलणे या दोन मानवी शक्तींचा अभ्यास, त्यांतील दोषांचे निदान व उपचार आणि त्यासाठी लागणाऱ्या मनुष्यबळाचे शिक्षण असे तिहेरी कार्य करते. मुंबईत १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था महाराष्ट्रात याच क्षेत्रात काम करते, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे.

श्रवणदोष असलेली बालके देशभर; त्यांची तपासणी करणारे प्रशिक्षित हात मात्र मोजक्या शहरांत, ही अडचण फार जुनी होती. २००७ च्या सुमारास म्हैसूरच्या संस्थेने श्रवण, भाषा व वाचा या विषयाचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम अर्ध-दूरशिक्षण पद्धतीने चालविण्यास आरंभ केला. यातील 'अर्ध' हा शब्द महत्त्वाचा आहे. म्हैसूरच्या वर्गात प्राध्यापक शिकवीत असतात आणि त्याच वेळी इंफाळ, पुदुच्चेरी, रांची, जबलपूर अशा दूरच्या केंद्रांतील विद्यार्थी दृक्‌श्राव्य जोडणीद्वारे ते व्याख्यान पाहतात, ऐकतात. हे विद्यार्थी घरी एकटे बसलेले नसतात. ते एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयात किंवा रुग्णालयात एकत्र येतात आणि प्रात्यक्षिक त्याच ठिकाणी, प्रत्यक्ष रुग्णांसमवेत, अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली पूर्ण करतात. सिद्धांत दुरून येतो, सराव जवळ होतो.

अशी विभागणी का करावी लागली, हे कानाच्या रचनेवरूनच स्पष्ट होते. हवेतील ध्वनिलहरी सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीच्या कर्णनलिकेतून कर्णपटलावर येतात. त्यापुढे मध्यकर्णात तीन हाडांची साखळी आहे: हातोडा, ऐरण आणि रिकीब. रिकीब हे मानवी शरीरातील सर्वांत लहान हाड; त्याची उंची जेमतेम तीन मिलिमीटर. ही साखळी निसर्गाने कशासाठी योजली? आतील कानात द्रव आहे, आणि हवेतून आलेला ध्वनी द्रवावर आदळला तर जवळजवळ सगळा परावर्तित होतो. विहिरीत बुडी मारलेल्या मुलाला काठावरच्या हाका अस्पष्ट ऐकू येतात, त्याचे कारण हेच. कर्णपटलाच्या मोठ्या क्षेत्रावरील दाब रिकिबीच्या तळाएवढ्या लहानशा जागी एकवटतो, त्याला हाडांच्या तरफेची जोड मिळते आणि दाब सुमारे वीस पट वाढतो. तेव्हा कुठे द्रव हलतो.

तो द्रव शंखासारख्या सुमारे अडीच वेढ्यांच्या नळीत असतो. तिला कॉक्लिया म्हणतात. उंच स्वर तिच्या पायथ्याशी आणि खालचे स्वर शेंड्याकडे ओळखले जातात, म्हणजे संवादिनीच्या पट्ट्या क्रमाने मांडाव्यात तशी ही मांडणी. तिच्यातील सुमारे पंधरा ते सोळा हजार सूक्ष्म रोमपेशी कंपनाचे विद्युतसंदेशात रूपांतर करतात आणि श्रवणतंतू ते मेंदूकडे नेतात. मनुष्यात या पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत.

हे सारे व्याख्यानातून, आकृतीतून, हलत्या चित्रातून उत्तम शिकविता येते. किंबहुना शरीरक्रिया समजावण्यास चलचित्र हे फळ्यावरील आकृतीहून सरस ठरते. पण पुढची पायरी वेगळी आहे. कानात मळ साचला आहे, पडद्याला छिद्र आहे, की दोष थेट रोमपेशींचा आहे, हे ठरविताना ज्ञानाला हाताची साथ लागते. कान तपासताना प्रौढाची कर्णपाळी वर व मागे ओढावी लागते, तान्ह्या बाळाची खाली व मागे. वयानुसार नलिकेची वळणे निराळी असतात. हे वाक्य पाठ करायला एक मिनिट पुरते. रडणाऱ्या बाळाला न दुखविता ते करता येण्यासाठी अनेक बाळे हाताखालून जावी लागतात. नादकाटा कानाजवळ धरल्यावर आणि कानामागील हाडावर टेकविल्यावर कोणत्या ठिकाणी आवाज अधिक वेळ ऐकू येतो, यावरून दोष वहनाचा की आतील कानाचा याचा अंदाज बांधता येतो. मात्र तो नेमका कुठे, किती दाबाने टेकवावा, हे शेजारी उभा राहिलेला गुरूच दाखवू शकतो.

हा विचार आपल्या परंपरेलाही परका नाही. सुश्रुतसंहितेत मृत शरीर वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवून, मग त्वचेपासून एकेक थर हळूहळू घासून दूर करीत अंतर्भाग डोळ्यांनी पाहण्याची पद्धत वर्णिली आहे. शास्त्रातून जाणलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले, दोहोंचा मेळ बसला तरच ज्ञान वाढते, असा सुश्रुतांचा अभिप्राय आहे. केवळ ग्रंथ जाणणारा आणि केवळ क्रिया जाणणारा, दोघांनाही त्यांनी एका पंखाच्या पक्ष्याची उपमा दिली. म्हैसूरच्या अभ्यासक्रमाने पक्ष्याचे दोन्ही पंख जपले.

विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी यातून एक व्यावहारिक बोध घ्यावा. रुग्णालयाची पायरी न चढता, घरबसल्या रुग्णसेवेची पदविका देऊ करणाऱ्या जाहिराती पुष्कळ असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनी वैद्यकीय, परिचर्या, भौतिकोपचार, औषधनिर्माण यांसारखे अभ्यासक्रम दूरशिक्षणातून चालविण्यास मनाई केली आहे. पुनर्वसनाच्या क्षेत्रात भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता आणि नोंदणी आवश्यक ठरते. शुल्क भरण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: मान्यता कोणाची? आणि प्रात्यक्षिक कोठे, कोणाच्या देखरेखीखाली? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नसेल तर पहिल्याचे उत्तर कितीही भारदस्त असले तरी त्या वाटेस जाऊ नये.

मराठी माध्यमातील मुलामुलींना वाटणाऱ्या धास्तीविषयीही बोलले पाहिजे. बारावीनंतर लॅटिन-इंग्रजी संज्ञांचा डोंगर पाहून अनेक गुणी विद्यार्थी माघार घेतात. पण मॅलिअस म्हणजे हातोडा, इन्कस म्हणजे ऐरण, स्टेपीस म्हणजे रिकीब. लोहाराच्या आणि घोडेस्वाराच्या वस्तूंवरूनच युरोपातील पंडितांनी ही नावे ठेवली. जो विद्यार्थी मराठीतून हातोडा आणि ऐरण समजून आला, त्याला अर्थ आधीच ठाऊक आहे. त्यावर फक्त दुसरे नाव चढवायचे आहे. केवळ परकी नावे घोकणाऱ्यापेक्षा त्याचा पाया भक्कम असतो. इंग्रजी संज्ञांची वही आठवीपासून ठेवावी, म्हणजे डोंगराची टेकडी होते.

हा विषय शाळेच्या व्यासपीठावर मांडण्यास आणखी एक कारण आहे. २०११ च्या जनगणनेत श्रवणाची अक्षमता असलेल्या व्यक्तींची संख्या ५० लाख ७१ हजारांच्या घरात नोंदली गेली. त्यांतील अनेकांचे दोष फार उशिरा ध्यानात आले. जन्मानंतर पहिल्या महिन्यात चाळणी-तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचाराची सुरुवात, असा क्रम तज्ज्ञ सांगतात. कारण भाषा मेंदूत रुजण्याचा काळ पहिल्या काही वर्षांचाच असतो. २०१३ साली महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात श्रवणदोषाचा समावेश आहे. तरीही घरी आणि दवाखान्यात निसटलेले मूल शेवटी शाळेच्या बाकावर येऊन बसते. नाव पुकारल्यावर न वळणारे, शिक्षकांच्या ओठांकडे टक लावून पाहणारे, श्रुतलेखनात 'स' आणि 'श' यांचा सतत घोळ घालणारे, वारंवार कान फुटणारे मूल हे आळशी किंवा मंद असेलच असे नाही. त्याला शिक्षा करण्याआधी त्याचे कान तपासून घ्यावेत. वर्गशिक्षिकेच्या सावधपणामुळे एखाद्या मुलाची वर्षे वाचू शकतात.

साठ वर्षांच्या या विद्यामंदिरातून आजवर वेगवेगळ्या क्षेत्रांत विद्यार्थी गेले. येत्या वर्षांत यांतील काहींनी, विशेषतः गाव सोडून दूर जाणे ज्यांना शक्य नाही अशा मुलींनी, या श्रवणसेवेचा विचार करावा. म्हैसूरचे व्याख्यान आता शेकडो मैल दूर ऐकू येते. ते ऐकून, जवळच्या रुग्णालयात हात तयार करून, एखाद्या बालकाला त्याच्या आईची हाक ऐकविणे हे काम आयुष्य वाहून घेण्याच्या योग्यतेचे आहे.