इंटरनेटचा पाटकरी

भाटघरचं धरण आपल्यापैकी बहुतेकांना भूगोलाच्या पुस्तकातून ठाऊक असतं. वेळवंडी नदीवरचं हे धरण १९२८ साली पुरं झालं. मुंबईचे गव्हर्नर लॉईड यांच्या नावानं ते ओळखलं जायचं. आता जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे. सुमारे साडेतेवीस टीएमसी पाणी त्यात मावतं. ते नदीवाटे वीरला जातं आणि तिथून नीरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडं. ज्यांची शेती कालव्यावर आहे त्यांना पुढचं सांगायला नको. पाणी हवं तर सात नंबरचा अर्ज भरायचा. अर्जदार कोण, गट नंबर कोणता, पीक कोणतं, मागची पाणीपट्टी भरली का, हे बघून मंजुरी मिळते. पाळी आली की चारीचं दार उघडतं आणि कुणाचं किती भिजलं याची मोजणी वहीत चढते.

माझा धंदा पाण्याचा नाही. धरणाच्या आजूबाजूच्या गावांत जे छोटे सेवादार घरोघरी इंटरनेट पोचवतात, त्यांचे सर्व्हर लावून द्यायचे आणि अडले की सोडवायचे, हे माझं काम. पण त्यातला एक सर्व्हर पाटकऱ्यासारखाच वागतो. तो तीनच गोष्टी बघतो. तू कोण? तुला काय आणि किती द्यायचं? आणि दिलं ते किती? या सर्व्हरला रेडियस म्हणतात. तुम्ही मोबाइलवर बातम्या वाचता किंवा नातवाशी व्हिडिओवर बोलता तेव्हा तो कुठंच दिसत नाही. तो अडला की मात्र अख्खं गाव अडतं.

रेडियसचा जन्म १९९१ चा. अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टन नावाच्या कंपनीनं तो टेलिफोनवरून डायल करून येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी बनवला. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. मोडेमचा तो कर्कश आवाज आणि तासांच्या हिशेबानं विकत घेतलेली जोडणी पुष्कळांना आठवत असेल. मोडेम गेले, रेडियस राहिला. जून २००० मध्ये त्याचे जे नियम लिहिले गेले, त्यांच्यावरच आजही काम चालतं. महाविद्यालयातलं वायफाय, मोठ्या कचेऱ्यांचं जाळं, गावातली फायबरची जोडणी, या सगळ्यांच्या मागं बहुधा हाच असतो. फ्रीरेडियस नावाचा त्याचा फुकट मिळणारा अवतार १९९९ पासून आहे. मी तोच बसवतो.

त्याची रीत साधी आहे. तुमच्या घरातली डबी नाव आणि पासवर्ड पुढं करते. सेवादाराचा मोठा राउटर स्वतः काही ठरवत नाही. तो सर्व्हरला विचारतो, "याला घेऊ का?" सर्व्हर हो म्हणाला तर दार उघडतं. मग राउटर दुसऱ्या खिडकीवर जाऊन नोंद करतो: अमुक गिऱ्हाईक इतक्या वाजता आत आलं, इतका डेटा वापरला, इतक्या वाजता गेलं. पहिल्या खिडकीचा नंबर १८१२, दुसरीचा १८१३. राउटर आणि सर्व्हर यांच्यात एक गुप्त परवली ठरलेली असते. दोघांकडे ती अक्षर न् अक्षर सारखी हवी.

फोन येतो तेव्हा माझा पहिला प्रश्न असतो, "सर्व्हर नाही म्हणतोय, की गप्प आहे?" सेवादाराच्या पोरांना हा प्रश्न चमत्कारिक वाटतो, दोन्हीकडे गिऱ्हाईक बाहेरच राहतं. पण दोन दुखणी वेगळी आहेत. नकार आला तर सर्व्हर जिवंत आहे. पासवर्ड चुकला असेल किंवा मुदत संपली असेल. गप्प असेल तर राउटर सर्व्हरच्या ओळखीचा नाही, मधे कुठंतरी वाट अडली आहे, किंवा परवली जुळत नाही. अनोळखी राउटरला सर्व्हर उत्तरच देत नाही. चोराला "तू चोर आहेस" असंही सांगायचं नाही, हा त्यामागचा विचार. सुरक्षेला तो चांगला आणि दुरुस्ती करणाऱ्याला छळणारा.

परवलीचा घोळ तर फार मजेशीर असतो. कुणीतरी ती एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडं चिकटवतं आणि शेवटी एक मोकळी जागा सोबत येते. डोळ्यांना ती दिसत नाही. अशा वेळी फ्रीरेडियस थांबवायचा आणि बोलक्या अवस्थेत पुन्हा सुरू करायचा. आलेल्या प्रत्येक विचारणेवर आपण काय केलं हे तो ओळीनं सांगत जातो. पासवर्डच्या जागी न वाचता येणारी अक्षरं दिसली की तो स्वतःच सुचवतो, परवली तपासून बघा. त्यानं पाठवलेला नकारही राउटरला पटत नाही, कारण उत्तरावरची खूण त्याच परवलीनं काढलेली असते. म्हणून राउटर तो टाकून देतो आणि "सर्व्हर उत्तर देत नाही" अशी तक्रार करतो. तिकडं सर्व्हर म्हणतो, मी तर उत्तर दिलं. दोघंही खरंच बोलत असतात. पुष्कळ जण या बोलक्या अवस्थेतल्या ओळी न वाचता आधी सेटिंग बदलत सुटतात, आणि एका दुखण्याची तीन करून ठेवतात.

दाराचे घोळ असे तासा-दोन तासांत सुटतात, कारण बाहेर उभा असलेला माणूस ओरडत असतो. वहीचे घोळ कुणी ओरडून सांगत नाही. माझं बहुतेक काम तिथंच असतं.

धरणाच्या काठाला पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे तिथल्या माणसालाच विचारा. एका पावसाळ्यात काठावरच्या एका गावातून एका मुलाचा फोन आला. प्रवेशाचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. "दादा, कालच रिचार्ज मारलाय, पासवर्ड तोच आहे, तरी आत घेईना." टॉवरवरचा राउटर विजेअभावी बंद पडून परत चालू झाला होता. जाताना कुणाचीही "गेलं" ही नोंद करायला त्याला सवड मिळाली नव्हती. सर्व्हरच्या वहीत अख्खं गाव अजून आतच बसलेलं होतं, आणि नियम होता, एका नावावर एकच जोडणी. म्हणून मुलगा दारात आला की सर्व्हर म्हणे, तू तर आत आहेस. उशाला धरण आणि घशाला कोरड, म्हणतात तसं. नोंद बंद केली आणि मुलगा आत गेला, अर्ज वेळेत भरला.

यावर नेहमी दिसणारा झटपट उपाय म्हणजे उघड्या राहिलेल्या सगळ्या नोंदी पुसून टाकणं. मी तो करू देत नाही. वीज रात्री दोनला गेली आणि तुम्ही सकाळी नऊला "आत्ता गेले" असं लिहून नोंदी बंद केल्या, तर प्रत्येकाच्या नावावर न वापरलेले सात तास चढतात. पुसूनच टाकल्या तर वापरलेलंही जातं. राउटरनं दर दहा मिनिटांनी "हा अजून आत आहे, इतकं वापरलं" असं कळवायचं, अशी सोय रेडियसमध्ये आहे. ती चालू ठेवायची आणि नोंद बंद करताना शेवटच्या कळवण्याची वेळ घालायची. राउटर पुन्हा उठला की "मी नव्यानं सुरू झालोय" असाही निरोप पाठवू शकतो. तो मिळताच सर्व्हरनं त्या राउटरच्या उघड्या नोंदी आपोआप मिटवाव्यात, असं बसवता येतं. एवढं केलं की रात्री-बेरात्री फोन येत नाहीत.

मोजणीतही एक जुनी खोच आहे. किती बाइट गेले-आले हे सांगायचा जो रकाना पूर्वी ठरला, त्यात ४,२९,४९,६७,२९५ च्या पुढं आकडा मावत नाही. म्हणजे साधारण चार जीबी. डायलअपच्या काळात एका बैठकीत चार जीबी कोण उतरवणार होतं? आज एका संध्याकाळी क्रिकेटचा सामना आणि दोन सिनेमे बघितले की रकाना भरतो आणि पुन्हा शून्यापासून मोजू लागतो. किती वेळा भरला हे सांगणारा वेगळा रकाना २००० सालीच नियमांत आला, पण वही लिहिणाऱ्यानं तो वाचला नाही, तर नऊ जीबी वापरणाऱ्याच्या नावावर एकच दिसतो. आणखी एक गंमत: "आत आलेलं" आणि "बाहेर गेलेलं" हे राउटरच्या बाजूनं लिहिलेलं असतं. तुम्ही उतरवून घेतलेला सिनेमा वहीत "बाहेर गेलेलं" म्हणून दिसतो. बिलावरून भांडणारी गिऱ्हाइकं आणि सेवादार पुष्कळदा याच दोन रकान्यांवरून भांडत असतात, आणि तोंडं विरुद्ध दिशांना असतात.

बिलाचं भांडण मिटवता येतं. मला जास्त धास्ती वाटते ती घड्याळाची.

इंटरनेटवर एखादा गुन्हा घडला की तपास करणारे सेवादाराला विचारतात, अमुक दिवशी रात्री साडेनऊला हा पत्ता कुणाकडे होता? पत्ते दिवसातून कितीदा तरी हात बदलतात. उत्तर मिळतं ते याच वहीतून. आता सर्व्हर ग्रिनिचच्या वेळेवर चालत असेल तर आपली रात्रीची साडेनऊ तिथं दुपारचे चार असतात. हे ध्यानात न घेता कुणी वहीत साडेनऊची ओळ शोधली, तर ती निघते आपल्याकडची दुसऱ्या दिवशी पहाटे तीनची. त्या वेळी तो पत्ता वापरणारं घर वेगळंच असू शकतं. शिवाय एकाच बाहेरच्या पत्त्यामागं अनेक घरं बसवलेली असतात. तेव्हा नुसती वेळ पुरत नाही, पोर्टचा नंबरही लागतो. तो जपून ठेवलेला नसेल, तर "सांगता येत नाही" हेच खरं उत्तर आहे, आणि सेवादारानं तेच द्यावं. अंदाजानं एक नाव कळवलं की त्या घरी पोलीस जातात. तिथली म्हातारी माणसं काय उत्तर देणार?

स्वस्त राउटरांचं आणखी एक आहे. त्यांच्यात घड्याळाचा सेल नसतो. वीज जाऊन आली की त्यांना वाटतं, आज १ जानेवारी १९७०. संगणकाची कालगणना तिथून सुरू होते. बाहेरून बरोबर वेळ मिळेपर्यंत ते तीच तारीख नोंदीसोबत पाठवतात, आणि सर्व्हर भोळेपणानं ती लिहून घेतो. भोर तालुक्यातला माणूस १९७० साली इंटरनेट वापरत होता, अशी वही मी डोळ्यांनी पाहिली आहे! हसू येतं खरं, पण त्या दिवशीच्या त्या नोंदी कुणाच्याच बाजूनं साक्ष देऊ शकत नाहीत. सर्ट-इन या सरकारी यंत्रणेनं २८ एप्रिल २०२२ ला जे निर्देश काढले, त्यांत नोंदी १८० दिवस जपायला सांगितलं आहे. त्याच निर्देशांत घड्याळं एनआयसीच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायलाही सांगितलं आहे. पहिली गोष्ट सगळे करतात, डिस्क घेतली की झालं. दुसरीकडं कुणी फिरकत नाही.

रेडियस म्हातारा झालाय हेही सांगायला हवं. जुलै २०२४ मध्ये संशोधकांनी त्यातली एक भेग उघड केली. मधल्या वाटेवर बसलेला माणूस सर्व्हरचा नकार बदलून होकार करू शकतो, असं त्यांनी दाखवलं. प्रत्येक निरोपावर एक जादा खूण सक्तीची करणं आणि सॉफ्टवेअर नवं ठेवणं हा त्यावरचा तातडीचा उपाय. सर्व्हर आणि राउटर यांच्यातली वाट उघड्या इंटरनेटवरून नेऊ नये, हे तर त्याआधीपासूनचं पथ्य.

नवा सर्व्हर सेवादाराच्या ताब्यात देण्याआधी मी एक चाचणी घेतो. पाच-सहा घरं जोडायची, त्यांना काहीतरी मोठं उतरवायला लावायचं, आणि मध्येच टॉवरवरच्या राउटरची वीज सरळ काढून घ्यायची. भिंतीवरच्या घड्याळात वेळ बघून कागदावर लिहायची. पंधरा मिनिटांनी वीज द्यायची आणि वही उघडायची. सगळी घरं विनासायास परत आत आली का, त्यांच्या जुन्या नोंदी मिटल्या का, डेटाचा आकडा घरच्या संगणकाशी जुळतो का, आणि वहीतली वेळ माझ्या कागदावरच्या वेळेच्या किती जवळ आहे, हे ओळीनं तपासायचं. सेवादाराची पोरं सुरुवातीला कुरकुरतात, चांगली चाललेली लाइन कशाला तोडता म्हणतात. मग कागद आणि वही शेजारी ठेवली की वाकून बघायला तीच सगळ्यात पुढं असतात.