झटक्याचे उगमस्थान

(हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



'अपस्मार' हा शब्द फार जुना आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत तो येतो आणि स्मृतीचा लोप, भान हरपणे, असा त्याचा अर्थ आहे. बोलीत त्याला कोणी मिरगी म्हणते, कोणी फेफरे, कोणी आकडी. आजच्या घरांत 'फीट आली' एवढेच हलक्या आवाजात म्हणून विषय मिटवला जातो. नावे निराळी असली तरी वर्गातले दृश्य फारसे बदलत नाही. मूल बाकावरून कोसळते, हातपाय ताठरतात, तोंडाला फेस येतो आणि भोवतालची माणसे कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा यांच्या शोधात धावतात. दोन-तीन मिनिटांत झटका ओसरतो. पुढे कधीतरी दवाखान्यात मज्जाविकारतज्ज्ञ विचारतात, "सुरुवात कशाने झाली? मान कोणत्या बाजूला वळली? आधी कोणता हात हलला?" उत्तर सहसा मिळत नाही, कारण सगळ्यांनी पाहायला सुरुवात केली ती मूल पडल्यानंतर.

ज्या क्षणांकडे कोणाचे लक्ष नव्हते, त्यांतच अनेकदा रोगाचा पत्ता दडलेला असतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील रुग्णालयात जॉन ह्यूलिंग्स जॅक्सन यांनी हे ओळखले. काही रुग्णांचा झटका हाताच्या अंगठ्यापासून सुरू होई, मनगट, कोपर, खांदा असा वर चढे आणि मग शरीराची ती सारी बाजू व्यापी. ही वाटचाल सहसा त्याच क्रमाने होई. जॅक्सन यांचे अनुमान असे, की मेंदूत या अवयवांना हालवणारी केंद्रे शेजारीशेजारी आहेत आणि झटका म्हणजे एका जागी उसळलेला विद्युत्-क्षोभ, जो शेजारच्या केंद्रांत पसरत जातो. १८८६ मध्ये व्हिक्टर हॉर्सली यांनी अशाच एका तरुणाच्या कवटीला छिद्र पाडले. त्याचे झटके डाव्या अंगठ्यापासून सुरू होत, म्हणून उजव्या गोलार्धातील अंगठ्याच्या केंद्रापाशी शोध घेतला गेला, आणि गाठ तेथेच सापडली. क्ष-किरणांचा शोध तेव्हा नऊ वर्षे दूर होता. मेंदूचे एकही चित्र हाती नसताना, केवळ नीट पाहणाऱ्या डोळ्यांच्या भरवशावर ती शस्त्रक्रिया झाली.

आजची यंत्रे त्या डोळ्यांच्या मदतीला आली आहेत. त्यांची जागा मात्र त्यांनी घेतलेली नाही. बहुतेक रुग्णांना या यंत्रांची फारशी गरजही पडत नाही. योग्य औषध नियमित घेतले, तर अपस्मार असलेल्या दहापैकी सात जणांचे झटके थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. प्रश्न उरलेल्यांचा आहे. नीट निवडलेली दोन औषधे पुरेशा मात्रेत देऊनही झटके थांबत नसतील, तर तिसऱ्या, चौथ्या औषधाने ते थांबण्याची शक्यता फार घटते. अशा वेळी क्षोभाची जागा शोधणे आवश्यक ठरते.

हा शोध सुरू होतो व्हिडिओ-ईईजीने. मूल काही दिवस रुग्णालयात राहते, डोक्यावर विद्युदग्रे चिकटवलेली असतात, समोर कॅमेरा असतो आणि सर्वजण झटक्याची वाट पाहतात. एरवी ज्याची धास्ती घ्यायची, त्याचीच आईबापांनी आतुरतेने वाट पाहावी, असा हा विलक्षण काळ असतो. ईईजीची मर्यादा अशी, की कवटी ही विजेची वाईट वाहक असल्याने आतले संकेत बाहेर येईपर्यंत क्षीण आणि पसरट होतात. तेथे एमआरआय उपयोगी पडते. तीन टेस्लाच्या यंत्राचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे साठ हजार पट असते. पातळ थरांनी घेतलेल्या त्याच्या प्रतिमांत कानशिलाच्या आतल्या बाजूचा, समुद्रघोड्याच्या आकाराचा हिप्पोकॅम्पस एका बाजूला आक्रसलेला दिसतो, किंवा मेंदूच्या सालीत जन्माआधीच राहून गेलेला एखादा बारीक दोष आढळतो. पण प्रतिमा घ्यायची ती अपस्माराचा विचार मनात ठेवून. सरधोपट तपासणीत 'सर्व ठीक' असा अहवाल आलेल्या मुलाचा दोष नंतरच्या काटेकोर तपासणीत सापडणे नवलाचे नाही.

एमआरआयमध्येही काही दिसले नाही तर? तेव्हा मेंदूची रचना बाजूला ठेवून त्याचे काम तपासले जाते. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी अंश जोडलेली साखर शिरेतून देतात. झटका नसतानाच्या काळात रोगट भाग शेजारच्या भागांहून कमी साखर वापरतो. म्हणून तो चित्रात मंद दिसतो. स्पेक्टची रीत याहून नाट्यमय आहे. औषध भरलेली सिरिंज घेऊन परिचारिका खाटेशेजारी सज्ज असते. झटका सुरू होताच काही सेकंदांत ते टोचावे लागते, कारण त्या क्षणी ज्या भागाकडे रक्त धावत असेल तेथे ते औषध जाऊन बसते आणि बसून राहते. चित्र नंतर, मूल शांत झाल्यावर, सावकाश घेता येते. झटका संपलेला असतो. त्याचा ठसा तेवढा उरलेला असतो. टोचायला उशीर झाला, की क्षोभ पसरून गेलेला असतो आणि चित्र वाटेवरच्या गावाला मूळ गाव समजते. येथेही निर्णायक असते ती सुरुवात ओळखणारी नजर.

एमईजी हे आणखी सूक्ष्म तंत्र आहे. मेंदूतील विद्युत्प्रवाहांभोवती उमटणारे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राहून कोट्यवधी पटींनी दुबळे असते, पण कवटी त्याला ईईजीच्या संकेतांइतके विस्कटत नाही. ते टिपणारे संवेदक द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंश सेल्सिअसला थंड ठेवतात आणि सारी तपासणी चुंबकीय कवच असलेल्या खोलीत होते. दिल्लीच्या एम्समध्ये आणि बंगळूरच्या निमहान्समध्ये ही सोय आहे.

इतका खटाटोप का, याचे उत्तर १९५३ च्या एका शस्त्रक्रियेत मिळते. अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाचे झटके आवरेनात, म्हणून शल्यविशारदाने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा भाग काढला. उगमस्थान निश्चित झालेले नव्हते. झटके कमी झाले, पण नवी आठवण साठवण्याची शक्ती गेली. पुढची पंचावन्न वर्षे तो माणूस नुकतेच भेटलेल्यांना विसरत जगला. स्मृतिविज्ञानाने त्याच्याकडून अपार ज्ञान मिळवले. त्याला स्वतःला मात्र त्याची फार मोठी किंमत मोजावी लागली. म्हणून आज काय काढायचे याइतकेच काय राखायचे हेही आधी ठरते. रुग्ण यंत्रात पडल्यापडल्या वस्तूंची नावे आठवतो, वाक्ये पुरी करतो आणि फंक्शनल एमआरआय भाषेची केंद्रे दाखवते.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेने येथे कान टवकारावेत. दोन भाषा बोलणाऱ्यांची केंद्रे बव्हंशी एकाच भागात असली, तरी शस्त्रक्रियेच्या वेळी मेंदूला सौम्य विद्युत्स्पर्श करून पाहता काही बिंदूंवर एकच भाषा अडते, दुसरी अडत नाही, असे आढळले आहे. घरी आणि वर्गात मराठी, रस्त्यावर हिंदी, कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्या मुलाची चाचणी केवळ इंग्रजी वा हिंदी शब्दांनी झाली, तर अर्धेच मूल तपासले गेले. पालकांनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे आणि लागल्यास शिक्षकांनी मराठी शब्दांची यादी करून द्यावी.

भारतात हे काम नवखे नाही. माँट्रियलला वाइल्डर पेनफील्ड यांच्याकडे शिकलेले डॉ. जेकब चांडी यांनी वेल्लोरला १९५२ मध्ये अपस्मारासाठी शस्त्रक्रिया केली. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत १९९५ पासून ती नियमित होते. २०१७ मध्ये एम्सच्या डॉक्टरांनी औषधांना दाद न देणाऱ्या ११६ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के मुले वर्षाअखेर झटक्यांतून मुक्त होती. केवळ औषधांवर असलेल्यांपैकी ७ टक्के. शस्त्रक्रियेच्या गटातील एक तृतीयांश मुलांना गंभीर दुष्परिणामही झाले, हे लपवण्याचे कारण नाही. निर्णय घेणाऱ्या आईबापांपुढे दोन्ही आकडे हवेत.

मात्र मूल तेथवर पोहोचते किती वर्षांनी? आपल्या विवाहकायद्यात अपस्माराचे वारंवार येणारे झटके हा लग्नाला अडसर मानला जाई. तो शब्द १९९९ च्या दुरुस्तीने निघाला. घराघरांतून अजून निघालेला नाही. मुलीच्या लग्नाच्या काळजीने पालक शाळेत काही सांगत नाहीत, आणि शाळेला ठाऊक नसले की पाहणारे डोळे मिटतात. शिवाय सर्वच झटके पाडणारे नसतात. मूल मध्येच थबकते, एकटक पाहते, ओठ चावल्यासारखे करते, एका हाताने सदऱ्याची गुंडी चाचपत राहते आणि हाक मारली तर ओ देत नाही. वर्गात याची नोंद 'लक्ष नसते' अशी होते आणि प्रगतिपुस्तकात तीच उतरते. कित्येकांना त्यासाठी छड्याही बसल्या असतील.

यापुढे वर्गात असे घडले, तर मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, घड्याळ पाहावे आणि पाच मिनिटांवर झटका लांबला तर थेट रुग्णालय गाठावे. जवळ फोन असेल तर एका शिक्षकाने चित्रण करून ते केवळ पालकांना द्यावे. नसेल तर हजेरीपटाच्या मागच्या पानावर चार गोष्टी लिहाव्यात: किती वाजता, मान कोणत्या बाजूला, कोणता हात आधी, आणि शुद्धीवर येताना मूल मराठी बोलले की बोलता येत नव्हते.