यादीतले नाव

(राष्ट्रीय मतदार दिनानिमित्त कुवेतमधील मराठी विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



आज २५ जानेवारी. १९५० साली याच दिवशी भारताचा निवडणूक आयोग स्थापन झाला. म्हणून आज आपण मतदार यादीविषयी बोलू.

मतदार यादी हे कचेरीच्या कपाटातले गुपित नव्हे. अंतिम होण्यापूर्वी तिचे प्रारूप लोकांसमोर ठेवले जाते. नाव राहिले असेल तर नागरिक दावा करतो; मृताचे नाव दिसले तर हरकत घेतो. गल्लीत कोण राहतो, हे कचेरीपेक्षा शेजाऱ्याला अधिक ठाऊक असते. यादी झाकून ठेवली, तर चूक दाखवणार कोण?

पण यादीत नावच आले नाही तर? पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगितले. अशी नोंद आयोगाने मान्य केली नाही आणि सुमारे २८ लाख स्त्रिया मताला मुकल्या. येथे कुवेतमध्ये स्त्रियांना मताधिकार मिळाला तो १६ मे २००५ रोजी. २००९ साली चार स्त्रिया संसदेत निवडून आल्या. ती संसदच मे २०२४ मध्ये विसर्जित झाली. हक्क मिळवावा लागतो, तसा जपावाही लागतो.

यादीत मतदाराचे वय आणि घर क्रमांकही असतो. त्याचा गैरवापर होऊ नये, हेही पाहावे लागते. संगणकावर सहज शोध घेता येईल अशा स्वरूपात यादी मिळावी, ही मागणी २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही. त्याच न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये बिहारच्या प्रारूप यादीतून वगळलेली सुमारे ६५ लाख नावे कारणांसह प्रसिद्ध करायला सांगितले. माणसाची खासगी माहिती जपावी. पण त्याचे नाव का गेले, हे त्याला कळलेच पाहिजे.

तुमच्या आईवडिलांचे काय? २०१० च्या कायदादुरुस्तीमुळे परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला पासपोर्टवरील पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवता येते. त्यासाठी नमुना ६-अ भरावा लागतो. यादी येथूनही पाहता येते. मत मात्र गावी जाऊन, पासपोर्ट दाखवूनच द्यावे लागते.

तेव्हा आज घरी गेल्यावर आईबाबांना एकच प्रश्न विचारा : "गावच्या यादीत आपले नाव आहे का?"